सातव्या ओळीतली सही

"बाबा, तुम्ही दुसऱ्या कुणाच्या फॉर्मवर पण सही केला आहे का?" मित्रानं, माझ्या इंग्लंडात वाढलेल्या मुलीनं, फोनवर विचारलं आणि मी ताबडतोब "छे" म्हणालो. विचार करून म्हणालो असं नाही. तुम्ही अमुक केलंय का असं कुणी विचारलं की आधी छे म्हणायची मला सवय आहे, आठवायला मी त्यानंतर लागतो. आठवलं तेव्हा मी दिवाणखान्याच्या खिडकीशी उभा होतो आणि समोरच्या दारात हसमुखभाईंची पांढरी गाडी होती. चार दिवसांपूर्वी, सोमवारी संध्याकाळी, त्याच गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून मी सही केली होती. "हसमुखअंकलचा भाचा उभा राहतोय ना," मी म्हणालो, "त्याच्या फॉर्मवर एक नुसती..." पलीकडे मागे कुणीतरी इंग्रजीत नंबर पुकारत होतं. "नुसती काय, बाबा?" मित्रा म्हणाली. ती चिडली की तिचं मराठी हळू होतं, एकेक शब्द पायरी चाचपत उतरल्यासारखा येतो. मला वाटलं, चिडायचंच असेल तर सरळ इंग्रजीत चीड. पण नाही, बापाला बोल लावायचा तर बापाच्याच भाषेत.

भानगड अशी की इथे पार्लमेंटला उभं राहायचं तर मतदारसंघातल्या दहा मतदारांच्या सह्या लागतात, आणि एका मतदारानं एकाच उमेदवाराला सही द्यायची. दोघांना दिली तर ज्याचा फॉर्म आधी दाखल झाला त्याची धरतात, दुसरी बाद. हसमुखभाईंच्या भाच्याचा फॉर्म बुधवारीच गेला होता. मित्राच्या फॉर्मवर बरोबर दहा सह्या होत्या, अकरावी नाही, आणि सातव्या ओळीत मी. आज शुक्रवार, चार वाजता अर्ज बंद, आणि आत्ता वाजले होते दीड. हॅरोला कौन्सिलच्या ऑफिसात दाखल करण्याआधी फॉर्म तपासून देणारी जी बाई होती तिनं आधी आलेल्या सह्यांशी ताडून पाहिलं आणि सातव्या ओळीवर बोट ठेवलं. "ती लेडी नाइस आहे," मित्रा म्हणाली. "ती म्हणते ही लाइन खोडा, दुसरा इलेक्टर आणा. मी फॉर्म घेऊन ट्रेनमध्ये बसते आहे. तुम्ही एक माणूस शोधा. एकच. आणि प्लीज, त्याला आधी विचारा." मी म्हटलं, शोधतो, त्यात काय. "नाहीतर आईची..." ती म्हणाली आणि थांबली. मी म्हटलं, आईचं काय? "काही नाही. तुम्ही शोधा." आईला मत नाही हे ह्या पोरीला पाचव्या वर्षापासून माहीत आहे, आणि ही पार्लमेंटला निघाली आहे.

मला सही मागितली की मी देतो. हा रोग मला ह्या देशात जडला. मी रेल्वेच्या सिग्नलमधला चार्टर्ड इंजिनियर, दीड वर्षापूर्वी निवृत्त झालो. इथे पोरांच्या पासपोर्टाच्या फोटोमागे कुणातरी प्रतिष्ठित माणसानं हे पोर तेच असं लिहून सही करावी लागते, आणि पिनरच्या आमच्या रस्त्यावर प्रतिष्ठित म्हणजे मी. गुजराती, तमिळ, पंजाबी, झाडून सगळ्यांची पोरं माझ्या सहीवर परदेशी जाऊन आली आहेत. आईबापांना दोन वर्षं ओळखतो असं लिहून द्यायचं असतं, आणि काहींची आडनावंसुद्धा मी तो फॉर्म भरतानाच वाचली. लोक दारात येतात, "सुभाषभाई, बस एक साइन" म्हणतात आणि माझा हात खिशातल्या पेनाकडे जातो. खरं सांगायचं तर मला ते आवडतं. ज्या घरात आई शाळेत पाणी भरायची आणि बाप अंगठा उठवायचा, त्या घरातल्या माणसाची सही लोक मागायला येतात, तर नाही कसं म्हणणार? हसमुखभाई भाच्याचा फॉर्म घेऊन आले तेव्हा मी पक्ष कुठला तेही विचारलं नाही. आणि दोनच दिवसांनी, बुधवारी संध्याकाळी, माझ्या स्वतःच्या पोटच्या पोरीनं जेवणाच्या टेबलावर तिचा फॉर्म पसरला तेव्हा मी ठेवणीतलं पेन काढून सही केली, कोट घालून फोटोही काढून घेतला. नियमांचा दोन पानी कागद तिनं वाचायला दिला होता. तो मी चष्म्याखाली ठेवला होता, अजून तिथेच आहे.

ती पडणार हे तिला माहीत आहे आणि मलाही. अपक्ष, अठ्ठावीस वर्षांची, हॉस्पिटलात नोकरी, इथलं, आधी वेळ न घेता जाऊन दाखवायचं क्लिनिक बंद केलं म्हणून उभी राहिलेली. चार महिने ती सुट्टीच्या दिवशी दारोदार फिरली, पावसात, कुत्री अंगावर घेत. पाचशे मतं पडली तरी डोक्यावरून पाणी. पण मतपत्रिकेवर नाव छापून येणार होतं. कांताबाईच्या, माझ्या आईच्या, नातीचं नाव, वेस्टमिन्स्टरच्या निवडणुकीच्या कागदावर, आणि हजारो माणसं हातात ती मतदानाची पेन्सिल घेऊन ते वाचणार, खूण करोत न करोत. मला ते हवं होतं. तिच्यापेक्षा जास्त मला हवं होतं, म्हटलं तरी चालेल, आणि ते मीच एका बॉनेटवर घालवून बसलो होतो. वर तोंड करून छे म्हणालो होतो.

कल्याणी, माझी बायको, स्वयंपाकघरात होती. ती हॉस्पिटलात रक्त काढायच्या विभागात काम करते, सकाळी आठची पाळी करून एक वाजता घरी येते. तिनं फोन ऐकला असणार, आमच्या घरात भिंती आहेत म्हणायच्या. "काय झालं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, काही नाही, एक सही कमी पडतेय, आणतो. ती म्हणाली, "अहो, ऐका तर." मी म्हटलं, आल्यावर. माझ्या डोक्यात तेव्हा रस्त्यावरची घरं ओळीनं लागली होती आणि त्यात ऐकायला जागा नव्हती.

आमच्या रस्त्यावर चाळीस घरं. शुक्रवारी दुपारी दोन वाजता त्यातल्या तीसेकांत कुणी नसतं, फक्त दाराच्या घंटीतला कॅमेरा आपलं वाकडं तोंड टिपत असतो. बाराव्या घरात रुमेनियाचं जोडपं, माणसं लाख चांगली, पण त्यांना पार्लमेंटला मत नाही. सोळाव्यातल्या मिसेस व्हिटकॉम्ब म्हणाल्या, मी दारात कशावरच सही करत नाही, माझ्या नवऱ्यानं एकदा केली होती. मी म्हटलं ही माझी मुलगी आहे, तुम्ही तिला लहानपणापासून बघताय. त्या म्हणाल्या, हो, गोड मुलगी, आणि दार लावलं. मग समोरची बाजू, सतरा, एकोणीस, तेवीस: हसमुखभाई. म्हणजे ते राहतात एकवीसमध्ये, पण ती सगळी रांग त्यांच्या शब्दातली. प्रत्येक दारात मला हसून सांगितलं गेलं की आम्ही तर भाच्याला दिली, तुम्ही पण दिली ना, तुमची तर सगळ्यात वर आहे. एकानं आत बोलावून पाणी दिलं. अठ्ठावीसमधला तमिळ डॉक्टर झोपेतून उठून आला, सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, माझं मत बर्मिंगहॅमला आहे, नाव हलवायचं राहूनच गेलंय. मला त्याचा मुडदा पाडावासा वाटला. शिकलेला माणूस, दोन पोरांचे पासपोर्ट माझ्या सहीवर, आणि नाव हलवायचं राहून गेलंय. रस्त्यात उभा राहून मी एकटाच बडबडत होतो. लोकांना मताची काही किंमत नाही, असं मी बडबडत होतो.

ही बडबड मला पाठ आहे. दरवर्षी चौदा एप्रिलला आमच्या लोकांचा जो कार्यक्रम होतो त्यात बाबासाहेबांनी दिलेल्या मताच्या हक्कावर मी बोलतो, अठरा वर्षं बोलतो आहे, आणि त्यात आईची गोष्ट सांगतो. एकोणीसशे नव्वदची विधानसभा. महाराष्ट्रातल्या प्रत्येक विधानसभेचे निकाल मी मतदारसंघवार वहीत उतरवतो, दोनशे अठ्ठ्याऐंशीच्या दोनशे अठ्ठ्याऐंशी, पण त्या वर्षी आमच्या मतदारसंघात कोण आलं हे मला वही उघडल्याशिवाय सांगता येत नाही. आठवते ती आई. जिल्हा परिषदेच्या शाळेत केंद्र होतं, ज्या शाळेत ती पाणी भरायची तिथेच. ठेवणीतलं लुगडं नेसून, डोक्याला तेल लावून ती सकाळी रांगेत पहिली, आणि आतल्या माणसानं यादी बघून सांगितलं, कांताबाई, तुमचं मत पडलं. कुणी टाकलं? पडलं म्हणजे पडलं. आई तिथेच दारात खाली बसली. ओरडली नाही, रडली नाही, मांडी घालून बसली, आणि येणारे-जाणारे तिला ओलांडून जायला लागले. तीन तास. शेवटी वरचा अधिकारी आला आणि तिला वेगळी मतपत्रिका दिली, तिनं शिक्का मारला, ती पाकिटात घातली. ह्या जागी लोक टाळ्या वाजवतात. जे मी सांगत नाही ते असं, की त्या तीन तासांतले अडीच तास मी तिच्या बाजूला उभा राहून चल आई, चल घरी, एका मतानं काय होतंय असं दातओठ खात पुटपुटत होतो, कारण माझे कॉलेजचे मित्र बघत होते. आणि अशी पाकिटातली मतं मोजत नाहीत हे मला त्याच आठवड्यात कळलं होतं. ती मरेपर्यंत ते मी तिला सांगितलं नाही. तिला बरं वाटत होतं तर वाटू दे, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे सांगायचं धाडस नव्हतं.

अडीच वाजता घरी परत आलो तेव्हा मित्रा जेवणाच्या टेबलापाशी उभी होती, बूटसुद्धा काढले नव्हते. फॉर्म समोर. सातव्या ओळीवर पट्टी लावून मारलेली सरळ रेघ, तिच्याखाली माझं नाव स्वच्छ वाचता येत होतं. ह्या बाबतीत पोरगी माझ्यावर गेली आहे, रागातसुद्धा पट्टी शोधते. "कोण मिळालं?" तिनं विचारलं. मी सांगायला लागलो, मिसेस व्हिटकॉम्ब, तमिळ डॉक्टर, एकवीस नंबरची अख्खी रांग, लोकांना कशी किंमत नाही. ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती कल्याणीकडे बघत होती आणि कल्याणी ओट्यापाशी हात पुसत होती. हात कोरडे झाले तरी पुसत होती.

"आई," मित्रा म्हणाली, "आता सांगायला पाहिजे."

"मी मघाशीच सांगत होते," कल्याणी म्हणाली. "हे थांबले नाहीत."

मग ती बाहेरच्या खोलीत गेली, कामाची पर्स घेऊन आली आणि तिच्या आतल्या कप्प्यातून एक पांढरं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. निवडणुकीआधी कौन्सिल मतदाराला पाठवतं तसलं कार्ड. माझं एक फ्रिजवर लावलेलं होतं, गेल्या आठवड्यात आलेलं. ह्याच्यावर कल्याणीचं नाव होतं. आमचाच पत्ता, तिचं नाव आणि तिचा मतदार क्रमांक. मी ते उलटंसुलटं करून बघितलं. पहिल्यांदा जे माझ्या तोंडून निघालं ते असं, की काहीतरी चूक झालेली दिसते कौन्सिलची.

"चूक नाही, बाबा," मित्रा म्हणाली. "इंडिया कॉमनवेल्थमध्ये आहे. इंडियन पासपोर्ट असला तरी इथे राहणारा माणूस व्होट करू शकतो. पार्लमेंटला पण. ते ऑलवेज असंच होतं. तुम्ही पण पहिल्या दिवसापासून करू शकत होता."

आम्ही नव्व्याण्णवच्या शेवटी आलो. दोन हजार एकमध्ये इथे निवडणूक झाली तेव्हा कल्याणीनं मला विचारलं होतं, आपण कुठे जायचं मत द्यायला? आणि मी तिला सांगितलं होतं की आपल्याला मत नाही, नागरिक झालो की मिळेल. कुठे वाचलं होतं मी ते? कुठेच नाही. मला ते उघडच वाटलं होतं. परक्याच्या घरी आलेल्यानं मत मागायचं नसतं, असं माझ्या डोक्यात कुणीतरी कधीतरी भरलं होतं आणि मी तोच कायदा समजलो. पुढे मी नागरिकत्व घेतलं, तिनं घेतलं नाही, तिची आई नागपूरला होती आणि तिला तो पासपोर्ट सोडवेना. त्यावर मी चार माणसांत, तिच्यादेखत, कितीदा तरी म्हणालो असेन, हिनं आपलं मत उगाच घालवलं, बाबासाहेबांनी दिलेलं. कार्यक्रमातसुद्धा म्हणालो आहे, उदाहरण म्हणून. ती पहिल्या रांगेत बसलेली असायची.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन हजार पाच," कल्याणी म्हणाली. तिच्या कामावरच्या एका केरळच्या बाईनं तिला सांगितलं होतं, फॉर्मही तिनंच आणून दिला होता. तेव्हा मी नागरिकसुद्धा झालेलो नव्हतो. म्हणजे ह्या देशात आमच्या घरातलं पहिलं मत तिचं. दरवर्षी कौन्सिलकडून घरात कोण कोण मतदार आहेत हे विचारणारा कागद येतो, आणि दरवर्षी ती म्हणायची, ते मी फोनवरून केलं, तुम्ही नका त्रास घेऊ. मला बरंच वाटायचं. टपाल दुपारी येतं, दुपारी घरी ती असते, आणि मी निवृत्त झालो तरी ते उचलते तीच. इतकं ते सोपं होतं. दोन हजार दहाला मी आयुष्यातलं इथलं पहिलं मत द्यायला गेलो तेव्हा तिला मुद्दाम बरोबर नेलं होतं, केंद्राच्या बाहेर माझा फोटो काढायला. आत तुला येता येणार नाही, इथे थांब, असं मी तिला सांगितलं होतं, आणि बाहेर आल्यावर आतमध्ये कसं असतं, पेटी कुठे असते, पेन्सिल कशी दोरीला बांधलेली असते हे सगळं तिला नीट वर्णन करून सांगितलं होतं. ती त्या दिवशी सकाळी सात वाजता, कामावर जाताना, तिथे जाऊन आली होती. फोटो तिनं चांगला काढला होता, तो अजून जिन्यात लावलेला आहे.

मला आधी राग आला. तो कुणाचा हे ठरेना, म्हणून मी मित्रावर काढला. तुला माहीत होतं तर बुधवारीच आईची सही का नाही घेतलीस, एवढी धावाधाव? "आईनं नको म्हटलं," मित्रा म्हणाली. "म्हणाली बाबांना कळेल, त्यांना वाईट वाटेल. आणि सातव्या लाइनवर तुम्हाला साइन करायचा होता." मी वाईट वाटून घेईन म्हणून दोघी मला जपत होत्या, एखाद्या आजारी माणसाला जपावं तसं, आणि मला वाटत होतं की घर मी चालवतो. शरमच वाटली मला, दुसरं काही नाही.

कल्याणीनं खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. पूर्ण. दुसरं पान उलटून मागचंही वाचलं. पावणेतीन होत आले होते आणि मित्रा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती, पण तिनं आईला घाई केली नाही. "हसमुखभाई माझ्याकडेही आले होते," कल्याणी वाचता वाचता म्हणाली. "मी विचारलं, भाचा क्लिनिकबद्दल काय म्हणतो? ते म्हणाले विचारून सांगतो." मग सातव्या ओळीतल्या माझ्या खोडलेल्या नावाच्या वर, जिथे मित्रानं बोट ठेवलं तिथे, तिनं कार्डावरचा क्रमांक एकेक आकडा बघून उतरवला, नाव लिहिलं आणि सही केली. तिची सही मी कितीतरी कागदांवर बघितली आहे, घराच्या, शाळेच्या, बँकेच्या, नेहमी माझ्या सहीच्या खाली. मित्रानं फॉर्म प्लास्टिकच्या पाकिटात घातला, आईच्या खांद्यावर डोकं टेकवलं, माझ्याकडे बघून "बाय बाबा" म्हणाली आणि पळाली. साडेतीनला तिचा मेसेज आला. फॉर्म घेतला, नाव छापून येणार.

आम्ही दोघं टेबलाशी बसून होतो. तिनं मेसेज मला वाचायला दिला आणि मी तो दोनदा वाचला. मला आनंद झाला होता, तो खरा होता, पण त्याला हात लावायचा मला हक्क उरलेला नव्हता. किती निवडणुका झाल्या मी मनात मोजायला लागलो. पाच, दहा, पंधरा, सतरा, एकोणीस. प्रत्येक वेळी निकालाच्या सकाळी टीव्हीसमोर बसून मी तिला कुठला मतदारसंघ कुणाकडे का गेला ते समजावत होतो, तुला मत नसलं तरी माहिती असावी म्हणून, आणि ती भाजी निवडत हं हं करायची. कुणाला दिलं असेल तिनं? ते मी विचारलं नाही, एवढी अक्कल त्या दुपारी होती. मी दुसरंच विचारलं.

"मला सांगायचं तरी होतंस, कल्याणी. एकदा तरी."

"सांगणारच होते," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी. मत देऊन घरी आले, चप्पल काढली, तर तुम्ही मला बसवून घेतलंत आणि इथे सरकार कसं निवडतात ते सांगायला लागलात. मी म्हटलं, संपू दे ह्यांचं, मग सांगते."

"मग?"

"अजून संपलं नाही तुमचं."

मी काहीतरी सांगायला तोंड उघडलेलंच होतं. ते मी मिटलं.